तुमच्या ग्रंथालयाचा ‘शोध’ वाचकाच्या उपयोगी पडतो का? तपासायची साधी रीत

कंपनीचा माणूस दाखवतो तेव्हा सगळं सापडतं. एका सार्वजनिक ग्रंथालयात नवी ओपॅक, म्हणजे संगणकावरची ग्रंथसूची, सुरू झाली त्या दिवशी मी मागच्या खुर्चीत बसले होते. दाखवायला आलेल्या मुलाने ‘इतिहास’ असं टाइप केलं, क्षणात पडदा नोंदींनी भरला, कार्यकारिणीने टाळ्या वाजवल्या. पुढच्याच आठवड्यात एका निवृत्त शिक्षकांनी त्याच पेटीत ‘पुण्यातला प्लेग’ लिहिलं. उत्तर आलं, ‘एकही नोंद सापडली नाही’. ग्रंथपाल बाई उठल्या आणि पाच मिनिटांत तीन पुस्तकं टेबलावर आणून ठेवली. नोंदींत ‘पुणे’ होतं आणि सरांनी ‘पुण्यातला’ लिहिलं होतं, भानगड तिथूनच सुरू झाली.

सर बोलके होते म्हणून हे कळलं. एरवी वाचक ‘नसेल बहुतेक’ म्हणून निघून जातो. शोध तपासण्यातली खरी अडचण हीच आहे. जे सापडलं ते पडद्यावर असतं, जे हुकलं त्याची तक्रार कोणी करत नाही, कारण ते हुकलं हेच कोणाला ठाऊक नसतं.

पुढे सांगितलेली रीत ग्रंथालयाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. पण महाविद्यालयाचा प्रबंधसंग्रह, संस्थेची वेबसाइट, जुन्या मासिकांचा स्कॅन केलेला साठा, कुठेही ती चालते. प्रोग्रामिंग यायला हवं असं नाही. एक्सेलची एक शीट, दोन माणसं आणि चार-पाच दुपारी पुरतात.

आधी प्रश्न जमवा, तेही दुसऱ्यांचे

नवशिक्याची हमखास चूक म्हणजे स्वतःच्या मनाने प्रश्न टाकून बघणं. साठ्यात काय आहे हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे बोटं आपोआप नोंदीतलाच शब्द टाइप करतात. मग सगळं छानच दिसणार.

प्रश्न दोन ठिकाणांहून आणा. एक, शोधाचा लॉग. वाचकांनी काय टाइप केलं याची नोंद बहुतेक सॉफ्टवेअर ठेवू शकतं, पण ती सोय अनेकदा बंद असते. सुरू करून घ्या, आणि यादी हातात आली की सभासद क्रमांक वगैरे आधी काढून टाका. कोण काय वाचतं हे शीटमध्ये असायचं कारण नाही. दोन, काउंटर. देवघेव विभागात पंधरा दिवस एक वही ठेवा आणि माणूस बोलला तसंच उतरवा. ‘आंब्याचा मोहोर गळतो, त्यावर काहीतरी द्या’ हे ‘फळबाग कीडनियंत्रण’ असं सुधारून लिहिलंत की प्रश्नाचा जीव गेला.

सुरुवातीला तीस प्रश्न पुरेत, पन्नास झाले तर उत्तम. त्यातले निम्मे वारंवार विचारले जाणारे घ्या आणि निम्मे एकदाच कोणीतरी विचारलेले. विचित्र वाटणारे प्रश्न गाळू नका.

ही पद्धत काही आपली नवी नाही. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड इथे १९६० च्या दशकात सिरिल क्लेव्हरडन या ग्रंथपालाने विमानशास्त्राचे १४०० निबंध आणि दोनशेहून जास्त प्रश्न घेऊन अशीच चाचणी उभी केली होती. प्रश्न त्याने स्वतः रचले नाहीत. निबंध लिहिणाऱ्या संशोधकांनाच पत्र पाठवून विचारलं, की तुमचं काम नेमक्या कोणत्या प्रश्नातून सुरू झालं? पुढे १९९२ पासून अमेरिकेत ट्रेक या नावाने अशा चाचण्या दरवर्षी होऊ लागल्या. आपल्याकडे २००८ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने भारतीय भाषांसाठी अशाच चाचण्यांचं ‘फायर’ सुरू झालं आणि त्यात पहिल्याच फेरीत बंगाली, हिंदीच्या जोडीने मराठी बातम्यांचा संच होता. थोडक्यात, मराठीत हे करता येतं का, हा प्रश्न कधीच मागे पडला आहे.

शब्दांमागचं काम लिहून काढा

‘पुणे प्लेग’ असे दोनच शब्द दोघांनी टाइप केले असं धरा. एकाला रँडच्या खुनाबद्दल, चापेकर बंधूंबद्दल वाचायचं आहे. दुसरीला १८९७ च्या साथीत घरझडती आणि विलगीकरण छावण्या यांमुळे साध्या घरातल्या बायकांचं काय झालं, हे हवं आहे. पहिल्याला उत्तम वाटणारं चापेकरांचं चरित्र दुसरीच्या फारसं कामाचं नाही. ‘उत्तर बरोबर आहे का’ असं नुसत्या शब्दांवरून ठरवता येत नाही ते यामुळे.

म्हणून प्रत्येक प्रश्नासाठी तीन ओळी लिहा. पहिल्या ओळीत वाचकाने टाइप केलं ते, त्याच्या चुकांसकट. दुसऱ्या ओळीत त्याला ते कशासाठी हवं आहे. तिसऱ्या ओळीत काय चालेल आणि काय चालणार नाही. आमच्या शीटवरची एक नोंद अशी आहे:

पुणे प्लेग. / १८९७ च्या साथीत सामान्य कुटुंबांचा अनुभव, एम. ए. च्या निबंधासाठी. / आठवणी, पत्रं, त्या काळच्या बातम्या, सामाजिक इतिहासावरची पुस्तकं चालतील. फक्त खुनाच्या खटल्याबद्दल असेल किंवा मुंबईच्या साथीबद्दलच असेल तर नाही.

तिसरी ओळ लिहायचा कंटाळा येतो. पण ती नसली की पुढच्या दुपारी दोघांचं भांडण ठरलेलं.

उत्तरं दोघांनी तपासा

आता प्रत्येक प्रश्न शोधपेटीत टाका आणि पहिली दहा उत्तरं शीटमध्ये उतरवा. जुन्या-नव्या अशा दोन प्रणालींची तुलना करायची असेल तर दोन्हींची दहा-दहा घ्या, दुबार नोंदी काढा, क्रम पिसून टाका आणि कोणतं उत्तर कुठून आलं ते तपासणाऱ्याला कळू देऊ नका. नव्याबद्दलचं प्रेम, किंवा राग, नकळत गुणांत उतरतो.

या ढिगात आणखी एक भर घाला, आणि ही चुकवू नका. तुमच्याकडच्या सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याला प्रश्न वाचून दाखवा आणि संगणकाला हात न लावता त्यांना आठवतील ती पुस्तकं विचारा. शोधाने काय हुकवलं हे कळायची तीच एक खिडकी आहे. आमच्याकडे बाईंनी प्लेगसाठी जे तीन खंड सांगितले, त्यातल्या दोघांच्या नोंदीत ‘प्लेग’ हा शब्दच नव्हता. एकात ‘ग्रंथिक सन्निपात’ होतं, त्या काळी मराठी पत्रांत चालणारं नाव. दुसऱ्यात नुसतं ‘साथ’.

गुण द्यायचे ते तीनच ठेवा: अगदी हवं तेच असेल तर २, थोडा उपयोग असेल तर १, नाही तर ०. दहापैकी गुण देत बसू नका, ६ आणि ७ यांतला फरक कोणालाच सांगता येत नाही.

दोघं स्वतंत्रपणे गुण देतील आणि ते जुळणार नाहीत. घाबरू नका. एलेन व्होरहीस या संशोधक बाईंनी ट्रेकच्या संचावर हेच करून पाहिलं होतं. ‘उपयोगी’ ठरवलेल्या कागदपत्रांबाबत दोन प्रशिक्षित तपासनीसांची निवड निम्मीसुद्धा जुळत नव्हती, तरी कोणती प्रणाली वरचढ हा क्रम जवळपास तोच राहत होता. याचा अर्थ असा, की ‘आमचा शोध ७८ टक्के अचूक’ असा बोर्ड लावण्यासाठी हे आकडे नाहीत. कालच्यापेक्षा आज बरं आहे का, एवढंच त्यांना विचारा.

आकडे तीनच घ्या

पहिला आकडा, पहिल्या दहांत कामाची किती. दहापैकी चार असतील तर ०.४. शाळेतल्या मुलालाही समजतो, म्हणून अहवालात हाच वर ठेवा.

दुसरा, पहिलं कामाचं उत्तर कितव्या जागी आलं. पहिल्या जागी असेल तर १, दुसऱ्या जागी १/२, पाचव्या जागी १/५. ज्याला एकच ठरावीक पुस्तक हवं आहे त्याच्यासाठी हा आकडा चांगला. निबंध लिहिणारीसाठी तो कुचकामी, कारण तिला एकावर थांबायचंच नाही.

तिसरा थोडा अवघड आहे पण सर्वांत कामाचा. त्याचं नाव एनडीसीजी. कल्पना साधी आहे: चांगलं उत्तर जितकं खाली, तितकी त्याची किंमत कमी. पहिल्या जागेला पूर्ण किंमत, दुसरीला ०.६३, तिसरीला ०.५, चौथीला ०.४३, पाचवीला ०.३९. समजा पाच उत्तरांचे गुण ०, २, ०, १, २ असे आले. तर बेरीज २×०.६३ अधिक १×०.४३ अधिक २×०.३९, म्हणजे २.४७. हीच उत्तरं आदर्श क्रमाने, २, २, १ अशी आली असती तर ३.७६ झाले असते. भागाकार ०.६६. एक्सेलमध्ये एकदा सूत्र बसवलं की झालं. आदर्श क्रम लावताना मात्र बाईंनी आठवून सांगितलेली पुस्तकंही धरा. ती शोधाने आणलीच नाहीत म्हणून सोडून दिलीत तर हुकलेल्याची शिक्षा शोधाला होतच नाही.

मराठीचे खड्डे वेगळे तपासा

इथे थोडं थांबते, कारण परदेशी पाठ्यपुस्तकात हे मिळणार नाही आणि आपल्याकडचे निम्मे अपयश इथलेच असतात.

मराठी नाम क्वचितच मूळ रूपात भेटतं. पाणी–पाण्याचा, विहीर–विहिरीत, पुणे–पुण्यातला. शोधाला हे एकच शब्द आहेत हे कोणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी शेवटचे प्रत्यय छाटायचे नियम बसवतात, पण तिथेही गंमत होते. ‘ला’ छाटणारा नियम ‘मुंबईला’ची ‘मुंबई’ करतो आणि त्याच झटक्यात ‘कला’चा ‘क’. एक खड्डा बुजवताना दुसरा खणला गेला का, तेही बघायचं.

मग डोळ्यांना न दिसणारे फरक. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. ‘ॲसिड’चंही तेच. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर चंद्र ठेवलेला असतो. मी स्वतः एकदा तासभर ‘शेतकऱ्यांची कर्जे’ या प्रश्नावर डोकं फोडलं होतं. नोंद समोर दिसत होती, शोध ‘नाही’ म्हणत होता. शेवटी नोंदीतला शब्द कॉपी करून पेटीत चिकटवला, आणि सापडला.

याशिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे ‘नांव’, ‘कांहीं’, ‘तेव्हां’. ‘सातबारा’ आणि ‘७/१२’, शिवाय तेच इंग्रजी आकड्यांत. फोनवर रोमन लिपीत मराठी लिहिणारी पिढी. जुन्या फाँटांतल्या फायली, ज्या वाचायला मराठी पण कॉपी केल्या की निव्वळ चिन्हांची खिचडी.

यासाठी मी ‘जुळ्यांची चाचणी’ करते. एकाच गरजेचे दोन-दोन लेखी अवतार घ्यायचे, अशा वीस जोड्या करायच्या: पुणे प्लेग / पुण्यातील प्लेग, दोन प्रकारचा ‘शेतकऱ्यांचा’, सातबारा / ७/१२. दोन्ही टाकायचे आणि पहिल्या दहांतली किती उत्तरं समान आहेत ते मोजायचं. इथे गुण द्यायला तपासनीसही लागत नाही, त्यामुळे अख्खी चाचणी तासाभरात उरकते. वेळ अगदीच नसेल तर बाकी सगळं सोडा, पण एवढं करा.

एक दुपार वाचकाच्या शेजारी

शीट कितीही नेटकी असली तरी ती एक गोष्ट गृहीत धरते, की वाचक यादी वरून खाली शांतपणे वाचतो. अँड्र्यू टर्पिन आणि विल्यम हर्श या संशोधकांनी २००१ साली दाखवलं, की कागदावर चांगले गुण मिळवलेली प्रणाली वापरून माणसांचं काम चांगलं होतंच असं नाही. साधी प्रणाली दिली तरी माणसं दोन-चार उत्तरं जास्त चाळून काम भागवत होती. म्हणून पाच-सहा वाचकांना एकेक करून बोलवा.

काम असं सांगा की त्यात शोधायचा शब्द येणार नाही. ‘प्लेग शोधा’ म्हणायचं नाही. ‘सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात मोठी साथ आली, लोकांना घरं सोडून छावणीत राहावं लागलं. त्यावर लिहायला दोन पुस्तकं काढा,’ असं म्हणायचं. मग गप्प बसायचं. ही सर्वांत कठीण पायरी. समोरची व्यक्ती चुकीच्या बटणाकडे जाताना आपला हात शिवशिवतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसा, मला त्याचा उपयोग झाला आहे.

वहीत टिपा: काय काय टाइप केलं आणि किती वेळा बदललं, किती वेळ लागला, कुठल्या उत्तरावर कपाळाला आठी पडली, कुठे सोडून दिलं. शेवटी दोनच प्रश्न विचारा. मिळालं का? आणखी असेल असं वाटतं का?

एका मुलीने फोनवर हे काम दीड मिनिटात केलं. ‘साथीचे रोग पुणे’ लिहिलं, तिसरी नोंद बरोबर उघडली. आणि मग ती उठून काउंटरवर गेली. का? तर नोंदीत वर्गांक आणि कपाटाची जागा होती, पण फोनच्या पडद्यावर ती उजव्या कडेबाहेर गेलेली. आमच्या शीटवर या प्रश्नाला उत्तम गुण होते. वाचकाच्या हातात पुस्तक मात्र बाईंनीच दिलं.

आणि याची उलटी बाजू. वाचक खूश आहे एवढ्यावरही विसंबू नका. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांचा १९८५ चा अभ्यास यासाठी माहीत असावा. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या बार्ट रेल्वेच्या अपघाताचा खटला होता, सुमारे ४० हजार कागदपत्रं, साडेतीन लाख पानं. वकिलांची अट होती की कामाची किमान ७५ टक्के कागदपत्रं हाती आली पाहिजेत. शोध संपवताना तेवढी मिळाली असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात सरासरी २० टक्क्यांच्या आसपासच मिळाली होती. एक कारण असं, की एका बाजूचे लोक ज्याला ‘अपघात’ म्हणत, त्याला दुसरी बाजू पत्रांत ‘दुर्दैवी परिस्थिती’, ‘अडचण’ असलं काहीतरी म्हणत होती. आमचा ‘ग्रंथिक सन्निपात’ त्याच जातीचा. पण वकिलांना जे काही मिळत होतं ते बहुतेक कामाचंच होतं, त्यामुळे शंका यायला जागाच राहिली नाही.

लॉगमधून काय वाचावं

थोडक्यात सांगते. शून्य उत्तरांच्या शोधांची यादी दर महिन्याला काढा, तिच्याइतकं फुकटचं ज्ञान दुसरं नाही. एकाच माणसाने मिनिटाभरात तीनदा शब्द बदलले असतील तर तिथे काहीतरी अडतंय. क्लिक मात्र जपून वाचा. लोक पहिल्या उत्तरावर क्लिक करतात ते बऱ्याचदा ते पहिलं आहे म्हणून. आणि क्लिक झालाच नाही म्हणजे अपयश असंही नाही. ‘पुस्तक बाहेर गेलेलं आहे’ एवढं यादीतच दिसलं, तर वाचकाचं काम तिथेच झालं.

तुलना करताना

बदल करून झाला की तेच प्रश्न पुन्हा टाका आणि सरासरी बघण्याआधी प्रत्येक ओळ बघा. किती प्रश्न सुधारले, किती बिघडले? वीसपैकी बारा सुधारले आणि आठ बिघडले, तर आनंद करू नका. नाणं वीसदा उडवलं तरी बारा किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता चारात एक असते. पंधरा-पाच असेल तर बोलता येईल. बिघडलेले प्रश्न एकेक करून उघडा, त्यांचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं.

शीटला तारीख घाला, सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा, दर सहा महिन्यांनी काउंटरच्या वहीतले पाच नवे प्रश्न जोडा, पण जुने काढू नका. आमच्या शीटच्या पहिल्या ओळीत सरांचा ‘पुण्यातला प्लेग’ आहे. गेल्या वर्षी आवृत्ती बदलली तेव्हा सरासरी चांगली वर गेली होती, आणि पहिल्या ओळीत पुन्हा शून्य. नवी अनुक्रमणी, म्हणजे शोध ज्यात बघतो ती शब्दसूची, बांधताना मराठीच्या प्रत्ययांची सेटिंग कोणीतरी मूळपदावर नेली होती. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली.